वारसांमधील वाटपासाठी राहत्या घराचे मूल्यांकन : एक प्रकरण अभ्यास

वडिलांच्या पश्चात राहिलेल्या घराची किंमत ठरवताना वारसांमध्ये जो वाद होतो, तो वरवर पाहता आकड्याचा वाटला तरी बहुतेक वेळा आकड्याचा नसतो. कोणत्या कामासाठी, कोणत्या तारखेची आणि कोणत्या स्थितीतल्या मिळकतीची किंमत काढायची हे न ठरवताच प्रत्येक जण आपापला आकडा घेऊन बसतो आणि मग आकडे जुळत नाहीत म्हणून नाती ताणली जातात. पुढील प्रकरण हा मुद्दा समजावा म्हणून नमुन्यादाखल रचले आहे. त्यातील कायदे आणि कार्यपद्धती प्रत्यक्षातल्या आहेत, मात्र मिळकतीचे दर आणि रकमा हिशोब समजण्यापुरत्या गृहीत धरल्या आहेत.

मिळकत महाराष्ट्रातील एका महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. वडिलांनी १९७८ मध्ये स्वकमाईतून ३,००० चौरस फुटांचा, म्हणजे सुमारे २७८.७ चौरस मीटरचा भूखंड घेतला आणि १९८६ मध्ये त्यावर तळमजला व पहिला मजला मिळून २,२०० चौरस फुटांचे बांधकाम केले. आई २०१५ मध्ये वारली, वडील २०२१ मध्ये. मृत्युपत्र नव्हते. मागे तीन अपत्ये राहिली. थोरला मुलगा पहिल्यापासून याच घरात राहतो, मधली मुलगी लग्नानंतर दुसऱ्या शहरात असते आणि धाकटा मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी स्थिरावला आहे. घर आपल्याकडे ठेवावे आणि बहीण-भावाला त्यांच्या हिश्श्याचे पैसे द्यावेत अशी थोरल्याची इच्छा होती आणि त्याला दोघांचाही मुळात विरोध नव्हता.

हिश्श्यांबद्दल वाद होण्याचे कारण नव्हते, तरी तो काही काळ झाला. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाची स्वकष्टार्जित मिळकत पहिल्या वर्गातील वारसांना समान वाट्याने जाते आणि मुलगी या वर्गात अगदी सुरुवातीपासून आहे. आई हयात असती तर चार वाटे झाले असते; ती नसल्याने तीन झाले. नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी मात्र “राहत्या घराचे वाटप मुलीला मागता येत नाही” असे ठामपणे सांगितले. हा निव्वळ गैरसमज नव्हता. मूळ कायद्याच्या कलम २३ मध्ये तशी तरतूद खरोखरच होती, पण २००५ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली गेली. त्या दुरुस्तीची चर्चा नेहमी वडिलोपार्जित सहदायिकी (जन्मानेच हिस्सा मिळणाऱ्या, एकत्र कुटुंबाच्या) मिळकतीतील मुलींच्या हक्कापुरतीच होते, त्यामुळे राहत्या घराविषयीचा हा बदल अनेकांच्या लक्षातच येत नाही.

खरा पेच किमतीचा होता. थोरल्याने रेडी रेकनरच्या, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेल्या, दराने काढलेला १ कोटी ६६ लाखांचा आकडा पुढे केला आणि त्याप्रमाणे प्रत्येकी सुमारे ५५ लाख ३३ हजार देऊ केले. आपला आकडा सरकारी आहे, म्हणजे त्यात पक्षपात नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्यावर बहिणीचे उत्तर चोख होते : “दादा, सरकारी दराने घर विकायला काढलंस, तर पहिलं गिऱ्हाईक मी.” तिने एका मालमत्ता दलालाकडून ४ कोटी २० लाखांचा आकडा आणला होता, म्हणजे तिच्या हिशोबाने तिचा वाटा १ कोटी ४० लाखांचा होत होता. मध्यंतरी थोरल्याने कर्जासाठी बँकेकडे विचारणा केली, तेव्हा बँकेच्या यादीवरील मूल्यांककाने अहवाल दिला आणि त्यातला १ कोटी ९५ लाखांचा आकडा थोरल्याने दोघांना मोबाइलवर पाठवला. धाकट्याने मूळ अहवालाची प्रत मागवली. तिच्या शेवटच्या पानावर एकाखाली एक तीन ओळी होत्या : बाजारमूल्य २ कोटी ४४ लाख, वसूल होण्याजोगे मूल्य २ कोटी २० लाख आणि सक्तीच्या विक्रीचे, म्हणजे घाईने विकावे लागल्यास येणारे, मूल्य १ कोटी ९५ लाख. पाठवली गेली होती ती फक्त तिसरी ओळ.

या टप्प्यावर प्रकरण न्यायालयात जाणे सहज शक्य होते. तसे झाले असते, तरी किंमत ठरवण्यापासून सुटका नव्हतीच. ज्या घराचे तुकडे सोयीने पाडता येत नाहीत, अशा घरासाठी वाटप अधिनियम, १८९३ मध्ये विक्रीची तरतूद आहे आणि एका हिस्सेदाराने विक्री मागितल्यास दुसऱ्याला न्यायालयाने ठरवलेल्या मूल्याने तो हिस्सा विकत घेण्याची मुभाही आहे. उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २२ मध्येही, एखादा वारस आपला हिस्सा विकू पाहत असेल तर इतर वारसांना तो घेण्याचा अग्रहक्क आहे आणि मोबदल्यावर एकमत न झाल्यास तो न्यायालय ठरवते. म्हणजे दाव्याच्या शेवटीही कोणीतरी जाणकार येऊन घराची मोजमापेच घेणार होता. फरक इतकाच, की तोवर काही वर्षे गेली असती आणि भावंडांचे बोलणे वकिलांमार्फत झाले असते.

धाकट्याने सुचवलेला मार्ग साधा होता : तिघांनी मिळून एकच मूल्यांकक नेमायचा. आपापला मूल्यांकक आणून दोन अहवालांची सरासरी काढण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. माझ्या मते ती टाळावी, कारण सरासरी निघणार हे माहीत असले की प्रत्येक बाजूला आपला आकडा शक्य तितका लांब ओढण्याचा मोह होतो आणि मधला आकडा कोणत्याच पुराव्यावर उभा राहत नाही. नेमणूक झाली ती जमीन व इमारत या वर्गातील नोंदणीकृत मूल्यांककाची. कंपनी अधिनियम, २०१३ आणि त्याखालील २०१७ च्या नियमांनुसार ही नोंदणी भारतीय नादारी आणि दिवाळखोरी मंडळाकडे होते. जुन्या संपत्ती कर अधिनियमाखाली आयकर खात्याकडे नोंदलेले मूल्यांककही याच क्षेत्रात काम करतात. शुल्क एकरकमी ठरले, ते तिघांनी सारखे वाटून घेतले आणि पावती तिघांच्या नावे घेतली.

या प्रकरणातला सर्वांत मोलाचा कागद अंतिम अहवाल नव्हे, तर त्याआधी मूल्यांककाला दिलेले दीड पानांचे पत्र होते. त्यावर तिघांच्याही सह्या होत्या. मूल्यांकनाचा हेतू, म्हणजे एका सहवारसाने इतर दोघांचे हिस्से खुल्या बाजारातील वाजवी किमतीने घेणे, हा त्यात पहिल्याच वाक्यात लिहिला होता. मिळकत आज जशी आहे तशी आणि पूर्णपणे मोकळी आहे असे धरून, अशा दोन्ही स्थितींतील किमती मागवल्या होत्या. मूल्यांककाशी कोणीही स्वतंत्रपणे फोनवर बोलायचे नाही, कागदपत्रे द्यायची ती तिघांना प्रत ठेवून, कच्चा अहवाल तिघांना एकाच वेळी मिळेल आणि पंधरा दिवसांत लेखी हरकती घेता येतील, असेही नमूद होते. एकाही आकड्याचा उल्लेख पत्रात नव्हता. आधीचे तीन आकडे मूल्यांककाला मुद्दामच कळवले नाहीत, कारण अपेक्षित रक्कम एकदा कानावर पडली की सरळ माणसाचाही हात नकळत तिच्याकडे झुकतो.

पत्र लिहिताना सर्वाधिक वेळ गेला तो तारखेवर. थोरल्याचे म्हणणे असे, की वारसाहक्क वडिलांच्या मृत्यूच्या दिवशी मिळाला, तेव्हा किंमतही २०२१ चीच धरावी. त्यानंतर घर त्यानेच राखले. हे म्हणणे ऐकायला वाजवी वाटते, पण टिकत नाही. काही देशांत वारसा कराची आकारणी मृत्यूच्या दिवशीच्या किमतीवर होते, म्हणून तिथे त्या दिवसाचे मूल्यांकन अनिवार्य ठरते. भारतात अशा स्वरूपाचे संपदा शुल्क १९८५ मध्येच रद्द झाले असल्यामुळे मृत्यूच्या दिवशीची किंमत करासाठी लागत नाही. वाटपासाठी पाहिले तर मृत्यूपासून प्रत्यक्ष वाटप होईपर्यंत तिघेही सहमालक होते, आणि त्या काळात भाव वाढला वा पडला तरी तो तिघांचाच. त्यामुळे मूल्यांकनाची तारीख प्रत्यक्ष व्यवहाराच्या शक्य तितकी जवळची हवी. १ ऑक्टोबर २०२४ ही तारीख ठरली आणि या तारखेची किंमत सहा महिनेच बांधील राहील, तेवढ्यात दस्त न झाल्यास ती नव्याने काढावी, अशी अट जोडली गेली.

थोरल्याच्या मुद्द्यातला न्याय्य भाग मात्र वेगळा काढून मान्य केला गेला. त्याने गच्चीचे वॉटरप्रूफिंग, सांडपाण्याची नवी लाइन आणि मालमत्ता कर यांवर मिळून ६ लाख रुपये खर्चले होते व त्याची बिले होती. दुसरीकडे, एवढी वर्षे तो पहिल्या मजल्यावर भाडे न देता राहत होता हे धाकट्याने बोलून दाखवले. पण आई-वडिलांच्या अखेरच्या आजारपणाचा भार त्यानेच उचलला म्हणून बहिणीने तो विषय तिथेच थांबवला. हा जमाखर्च मूल्यांककाच्या कामात मिसळला नाही, हे विशेष. घराची किंमत घराची असते. कोणी काय खर्च केला आणि कोणी काय उपभोगले याचा हिशोब वेगळ्या कागदावर मांडला, तरच दोन्ही हिशोब तपासता येतात.

कागदपत्रांत खरेदीखत, मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा दाखला, कराची बिले आणि वीजबिले होती. पाहणीच्या दिवशी बहीण आणि थोरला हजर होते. मूल्यांककाने लेझर मीटरने खोल्या मोजल्या, स्लॅबच्या खालच्या बाजूला कुठे पोपडे सुटले आहेत ते टॉर्च लावून पाहिले आणि मंजूर नकाशा जिन्यातच उलगडून प्रत्यक्ष बांधकामाशी ताडून घेतला. तळमजल्यावरचा पुढचा व्हरांडा नकाशात उघडा होता, जागेवर तो भिंती घालून बंद केलेला होता. हे १२० चौरस फूट विनापरवाना ठरत होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट मागच्या दाराशी दिसली. तिथे विजेचे दोन मीटर होते आणि दुसऱ्या मीटरवरचे नाव या कुटुंबातले नव्हते.

मागच्या ३५० चौरस फुटांच्या दोन खोल्यांत १९८८ पासून एक कुटुंब महिना ६०० रुपये भाड्याने राहत होते. “ते घरचेच आहेत,” असे थोरला म्हणाला, आणि “सांगितलं की जातील,” असे बहिणीला वाटत होते. दोघांनीही लपवालपवी केली नव्हती. लहानपणापासून पाहिलेला माणूस किमतीत धरायचा असतो हेच त्यांच्या ध्यानात आले नव्हते. वडिलांच्या कपाटात भाडेपावत्यांच्या स्थळप्रती सापडल्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ खाली अशा भाडेकरूला कायद्यात दिलेल्या कारणांखेरीज काढता येत नाही, भाडेवाढीला मर्यादा असते आणि भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जाऊ शकतो. बँकेच्या अहवालात या भाडेकरूचा उल्लेखही नव्हता.

आता हिशोबाकडे येऊ. जमिनीचा दर ठरवण्यासाठी मूल्यांककाने नोंदणी विभागाकडील सूची क्रमांक २ मधून त्याच भागातील अलीकडचे खरेदी-विक्रीचे व्यवहार काढले. एक व्यवहार काका-पुतण्यातला होता, तो वगळला. एक कोपऱ्याचा भूखंड १२ मीटर रस्त्यावरचा होता, तोही बाजूला ठेवला. उरलेले दोन तुलनायोग्य होते. त्यांचे दर चौरस फुटाला ७,४०० आणि ८,६०० रुपये होते, आणि आकार, तारीख व रस्त्याचा फरक समायोजित करून ८,००० रुपये हा दर धरला गेला. सूचीतला मोबदला रेडी रेकनरच्या आसपास घुटमळण्याची प्रवृत्ती असते, हे या व्यवसायातले उघड गुपित आहे. म्हणून कोणताही एक व्यवहार प्रमाण मानण्यापेक्षा न जुळणारे व्यवहार का सोडले याची कारणे अहवालात असणे जास्त महत्त्वाचे, आणि ती इथे प्रत्येकी दोन-तीन ओळींत दिली होती.

या दराने जमीन २ कोटी ४० लाखांची झाली. नवीन बांधकामाचा खर्च चौरस फुटाला २,००० रुपये धरल्यास २,२०० चौरस फुटांचे ४४ लाख होतात. इमारतीचे आयुष्य ६० वर्षे, अखेरचे अवशिष्ट मूल्य १० टक्के आणि वय ३८ वर्षे धरून घसारा ५७ टक्के निघाला, तेव्हा आजचे बांधकाम १८ लाख ९२ हजारांचे उरले. मोकळे घर म्हणून एकूण किंमत २ कोटी ५८ लाख ९२ हजार झाली. कच्च्या अहवालात बंद केलेला व्हरांडा अनवधानाने अधिकृत क्षेत्रात धरला गेला होता. धाकट्याने मंजूर नकाशाचा हवाला देऊन लेखी हरकत घेतली आणि ती मान्य झाली. फरक जेमतेम लाखाचा होता, पण आपल्या हरकतीची दखल घेतली जाते हे पाहिल्यावर त्याचा अहवालावरचा विश्वास बसला.

दलालाच्या ४ कोटी २० लाखांचेही उत्तर अहवालात सापडले. त्याने भूखंडाला २.० चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या दुप्पट बांधकामाची मुभा, धरून ६,००० चौरस फूट बांधकाम कल्पिले होते आणि विकसक बांधकामाच्या चौरस फुटामागे जमिनीचे ७,००० रुपये देईल असा हिशोब केला होता. ७,००० चा दर अवाजवी नव्हता. पण अधिमूल्य (जादा बांधकामासाठीचे शुल्क) भरून आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा हस्तांतरित बांधकाम हक्क) घेऊन मिळणारे जादा चटईक्षेत्र समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असते, आणि या घरासमोरचा रस्ता ६ मीटरचा आहे. मूळ १.१ निर्देशांकच गृहीत धरल्यास ३,३०० चौरस फूट होतात आणि त्याच दराने २ कोटी ३१ लाख येतात, म्हणजे तुलनेच्या पद्धतीने आलेल्या जमिनीच्या किमतीपेक्षा किंचित कमीच. दोन वेगळ्या वाटांनी काढलेले आकडे इतके जवळ येणे हा मूल्यांकनातला चांगला पडताळा मानला जातो. दलाल खोटे बोलला नव्हता. शेजारच्या रुंद रस्त्यावर जे शक्य आहे ते त्याने या गल्लीत गृहीत धरले होते. बहिणीने टेप घेऊन रस्ता स्वतः मोजला आणि मगच हा मुद्दा सोडला.

रेडी रेकनरविषयीही इथेच सांगायला हवे. नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक यांच्याकडून प्रसिद्ध होणारा वार्षिक दर तक्ता मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी असतो. एका विभागातील सर्व मिळकतींना तो सरसकट लागू होत असल्यामुळे एकाच घराची बाजारातली किंमत त्यातून कळेलच असे नाही. व्यवहारात तो तळ ठरतो. त्याच्या बराच खाली मोबदला दाखवल्यास शुल्क तर तक्त्याच्या मूल्यावर भरावे लागतेच, शिवाय दहा टक्क्यांहून अधिक तफावत असेल तर आयकरातही तेच मूल्य मोबदला म्हणून धरले जाते. तळाचे हे आकडे छताचे म्हणून वापरता येत नाहीत, एवढे थोरल्यानेही अखेर मान्य केले.

सर्वांत अवघड ठरला तो भाडेकरूचा भाग. क्षेत्राच्या प्रमाणात त्या दोन खोल्यांच्या वाट्याला मोकळ्या घराच्या किमतीतले सुमारे ४१ लाख येतात. उलट भाड्याच्या उत्पन्नावरून पाहिले तर वर्षाचे ७,२०० रुपये आणि ८ टक्के परतावा धरून त्यांची किंमत अवघी ९० हजार होते. बहीण म्हणत होती की वजावट नाममात्र असावी, कारण दादा पुढेमागे त्या कुटुंबाशी बोलून जागा सोडवून घेईल आणि मग त्या खोल्यांची पूर्ण किंमत एकट्या त्याला मिळेल. थोरल्याला पूर्ण ४० लाखांची वजावट हवी होती. दोघांच्या म्हणण्यात तथ्य होते. मूल्यांककाने असा विचार मांडला, की खुल्या बाजारातला सुज्ञ खरेदीदार ही जागा ना मोकळी धरेल, ना कायमची अडकलेली; ती सोडवण्यासाठी काय द्यावे लागेल, त्याला किती काळ लागेल आणि ते न जमण्याचा धोका किती, याचा अंदाज बांधून तो किंमत देईल. या आधारावर २२ लाखांची, म्हणजे त्या भागाच्या मूल्याच्या निम्म्याहून थोडी अधिक, वजावट सुचवली गेली. ही गणिताने सिद्ध होणारी रक्कम नाही, हा व्यावसायिक अंदाज आहे, आणि अहवालात तसे स्पष्ट लिहिलेले होते. माझ्या दृष्टीने अहवालाचा दर्जा याच परिच्छेदात दिसतो, कारण जिथे पुरावा संपतो आणि मत सुरू होते ती रेघ त्यात लपवलेली नाही.

बहिणीने ही वजावट स्वीकारली, पण एक अट घालून. तीन वर्षांच्या आत भाडेकरूला २२ लाखांपेक्षा कमी मोबदला देऊन जागा मोकळी झाली, तर वाचलेल्या रकमेचा एक तृतीयांश वाटा तिला आणि एक तृतीयांश धाकट्याला मिळावा. वकिलांनी ती वेगळ्या करारनाम्यात घातली. अशा तऱ्हेने आहे त्या स्थितीत २ कोटी ३६ लाख ९२ हजार, पूर्णांकात २ कोटी ३७ लाख रुपये ही किंमत तिघांनी मान्य केली आणि प्रत्येकाचा हिस्सा ७९ लाखांचा झाला. थोरल्याच्या ६ लाखांच्या खर्चापैकी प्रत्येकी २ लाख वळते करून दोघांना हाती ७७ लाख मिळायचे ठरले.

मूल्यांककाकडून आणखी एक आकडा मागवला होता आणि तो अनेक कुटुंबे विसरतात. मोबदला घेऊन हिस्सा सोडणाऱ्याला भांडवली नफ्याचा कर लागू शकतो. खऱ्याखुऱ्या कौटुंबिक तडजोडीतील अशी देवाणघेवाण काही प्रकरणांत न्यायालयांनी हस्तांतरण मानलेली नाही, पण ते त्या-त्या वस्तुस्थितीवर ठरते. या कुटुंबाने कर सल्लागाराच्या मताने कर भरण्याचा सुरक्षित मार्ग धरला. वारसाने आलेल्या मिळकतीची मूळ किंमत म्हणजे वडिलांना पडलेली किंमत, आणि मिळकत १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल तर त्या दिवशीची वाजवी बाजारकिंमत धरता येते. मूल्यांककाने ती २४ लाख काढली. मात्र २०२० च्या दुरुस्तीपासून ही किंमत त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही, आणि जुन्या दर तक्त्यानुसार ते मूल्य २१ लाख होते. त्यामुळे २१ लाखच धरावे लागले, म्हणजे प्रत्येकी ७ लाख.

२३ जुलै २०२४ पासूनच्या व्यवहाराला दीर्घकालीन नफ्यावर महागाई निर्देशांकाविना, म्हणजे मूळ किंमत महागाईच्या प्रमाणात न वाढवता, १२.५ टक्के दर आहे. त्या तारखेपूर्वीपासून असलेल्या जमीन-इमारतीसाठी निवासी व्यक्तीला निर्देशांकासह २० टक्क्यांनी कर काढून दोहोंपैकी कमी तो भरता येतो. २०२४-२५ चा निर्देशांक ३६३ असल्याने ७ लाखांचे २५ लाख ४१ हजार होतात; नफा ५३ लाख ५९ हजार आणि कर सुमारे १० लाख ७२ हजार. निर्देशांक न धरता नफा ७२ लाख आणि कर ९ लाख, अधिभार व उपकर वेगळे. जुन्या घराला निर्देशांकच फायद्याचा पडणार असे सगळे गृहीत धरून होते. इथे उलटे झाले. बहिणीने सहा महिन्यांच्या मुदतीत ५० लाख रुपये करसवलतीच्या रोख्यांत गुंतवायचे ठरवले, धाकट्याने घर घेण्याचा मार्ग निवडला.

दस्त जानेवारी २०२५ मध्ये मोबदल्यासह हक्कसोडपत्र म्हणून नोंदवला गेला. विनामोबदला हक्कसोडपत्राला मिळणारी शुल्काची सवलत इथे लागू नव्हती. शुल्क खरेदीखताप्रमाणेच पडले आणि ते थोरल्याने भरले. मूल्यांकन अहवाल दस्ताला जोडला. बँकेने १ कोटी २० लाखांचे कर्ज मंजूर केले, थोरल्याची बचत १४ लाख होती, आणि १ कोटी ५४ लाखांसाठी २० लाख कमी पडत होते. ही रक्कम धाकट्याने वर्षभरात, कर्जाच्याच व्याजदराने घेण्याचे मान्य केले. हप्त्याने पैसे आले तरी नफा दस्ताच्या वर्षातच करपात्र ठरतो आणि आगाऊ कराची शेवटची तारीख १५ मार्च असते, म्हणून धाकट्याला मिळायच्या ७७ लाखांपैकी ५७ लाख दस्ताच्या दिवशीच दिले गेले आणि २० लाखांचा हप्ता मागे ठेवला गेला.